सायकलला सायकल राहू द्या, स्कूटरला नंबर द्या

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी क्लास सुटले की बिननंबरच्या इलेक्ट्रिक स्कूटर घोळक्यानं बाहेर पडतात. बहुतेकींवर दोघं, काहींवर तिघं, हेल्मेट क्वचित. त्यातल्या कित्येक ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगमर्यादेत नसतात, हे शेजारून चाळीसनं जाणाऱ्याला स्वतःच्या गाडीचा काटा बघून कळतं. या गाड्यांना आवर घाला, अशी मागणी शहरात अधूनमधून होते आणि तो राग खोटा नाही. पण मागणीचं टोक ठरलेलं असतं: बॅटरीवर चालणारी प्रत्येक दुचाकी आरटीओत आणा, तिला पासिंग करा, चालवणाऱ्याला लायसन्स सक्तीचं करा. माझा विरोध इथून सुरू होतो. कारण या जाळ्यात अंबडमधली दुसरी पाळी संपवून पॅडल मारत सिडकोकडे निघालेला, मागच्या चाकात छोटी मोटर बसवलेला कामगारही सापडतो. आणि ज्या दुकानदारानं क्लासची स्कूटर वेगमर्यादा उघडून विकली, तो मात्र जागच्या जागी राहतो.

आधी नियम काय आहे ते बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या व्याख्येनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते तेवढी) २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेनं ते तपासून दिलं असेल, तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहन ठरत नाही. मग नंबर नाही, टॅक्स नाही, लायसन्स नाही, सक्तीचा विमा नाही, वयाची अट नाही. पॅडल मारलं तरच मोटर मदतीला येते, वेग वाढेल तशी मदत कमी होत जाते आणि पंचवीसला थांबते, अशी सायकलही याच सवलतीत बसते.

दोन वेगळी वाहनं अशी एकाच दावणीला बांधली गेली. एकीत माणसाचे पाय थांबले की मोटर थांबते. दुसरीत पाय फूटबोर्डवर ठेवून मूठ पिळायची. पहिलीचं वजन वीस-पंचवीस किलो, उचलून जिन्यावर नेता येते. दुसरी रस्त्यात बंद पडली तर ढकलताना घाम निघतो. दोन्हींना एक नियम लावला, तर तो एकीला जाचक ठरणार किंवा दुसरीला फार सैल. सध्या तो सैल आहे. उद्या तो आवळतील तेव्हा गळा सायकलचा आवळला जाईल.

नियमातला वजनाचा आकडा बघा. साठ किलो, पण बॅटरी सोडून. स्वस्त स्कूटरमध्ये अजूनही लेड-अॅसिड बॅटऱ्या असतात, चार किंवा पाच, एकेक सात-आठ किलोच्या पुढची. म्हणजे कागदावर साठ किलोची गाडी रस्त्यावर शंभरीच्या आसपास पोचते. आपली नेहमीची पेट्रोलची स्कूटरही शंभर-एकशेदहा किलोचीच असते. धडक बसणाऱ्या आजोबांना बॅटरी वजा करून धडक बसत नाही! चीननं २०१८ साली आपलं मानक बदललं तेव्हा ५५ किलोची मर्यादा बॅटरी धरून ठेवली. ते शहाणपण आपल्याकडे का नाही, याला मला तरी सबळ कारण सापडलेलं नाही.

आता शक्तीचा आकडा. इथंच सगळ्या लबाडीचं मूळ आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ. नाशिक सपाट शहर नाही. जुनं गाव टेकड्यांवर वसलं, रामकुंडाकडे उतरणारी प्रत्येक गल्ली परत येताना चढ होते, त्र्यंबक रोडही अंजनेरीकडे जाताना चढतच जातो. शंभर मीटरला पाच मीटरचा चढ घ्या. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो धरले, तर ताशी पंधराच्या वेगानं तो चढ चढायला दोनशे वॅटच्या थोडं वर शक्ती लागते. निरोगी पण खेळाडू नसलेला माणूस सलग पाऊणशे-शंभर वॅट देऊ शकतो. उरलेलं मोटरनं दिलं की साठीतला माणूसही बोलत बोलत वर येतो. २५० वॅटची मर्यादा पॅडलच्या सायकलला अगदी बेतून शिवल्यासारखी आहे.

तीच मर्यादा स्कूटरला लावा. गाडी शंभर किलो, वर आई आणि शाळेचं दप्तर घेतलेला मुलगा, म्हणजे दोनशेच्या पुढे. तोच चढ, तेच २५० वॅट. घर्षणाचा हिशेब धरला तर गाडी ताशी आठ किलोमीटरही गाठत नाही. चालणारा माणूस तिच्या जोडीनं गप्पा मारत जाईल. अशी गाडी नाशिकमध्ये कोण विकत घेईल? म्हणून उत्पादक मोठी मोटर बसवतो आणि स्टिकर २५० चं लावतो. नियमात तीस मिनिटांची शक्ती मोजायची असल्यामुळे, थोडा वेळ दुप्पट ताकद देणाऱ्या मोटरलाही हे स्टिकर कागदावर शोभून दिसतं. मग गाडीत ताकद आलीच आहे, तर वेग का अडवायचा? मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या कंट्रोलरमधल्या एका वायरवर किंवा सेटिंगवर वेगाचं कुलूप असतं. ते गाडी देतानाच काढून मिळतं.

दुकानातली भाषा ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती पाठ असेल. "ताई, नंबर नाही, लायसन्स नाही, पोलिसांचं टेन्शन नाही. मुलगी बिनधास्त क्लासला जाईल." थोड्या वेळानं, आवाज खाली आणून: "लॉक काढून देऊ का? पंचेचाळीस जाते." ताईंना हा दुकानदाराचा मनमोकळेपणा वाटतो. प्रत्यक्षात त्या क्षणी सवलत संपलेली असते. कुलूप काढलेली गाडी कायद्यानं साधी मोटारसायकल झाली: बिननोंदणीची, बिनविम्याची, आणि चालवणारी पंधरा वर्षांची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-ए सांगतं की अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. शिवाय त्या मुलीला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळणार नाही. टेन्शन नाही म्हणून घेतलेल्या गाडीत एवढं सगळं डिकीत भरून मिळतं.

त्याच दुरुस्तीतलं कलम १८२-ए उत्पादक आणि विक्रेत्यासाठी आहे. नियमबाह्य वाहन विकलं किंवा त्यात फेरफार केला, तर प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कायदा झोपलेला नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. पण मोहीम म्हटली की ती चौकात उभी राहते. रस्त्यावर एक स्कूटर अडवणं सोपं. फोटो येतो, गाड्या उचलल्याचा आकडा येतो. दुकानात जाऊन दहा गाड्या रोलरवर चढवून वेग मोजणं, कंट्रोलर उघडून बघणं, त्याचा अहवाल करणं हे कष्टाचं काम आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही. त्यात एक गंमत: जे मोटार वाहनच नाही ते विकायला मोटार विक्रेत्याचं ट्रेड सर्टिफिकेट लागत नाही. काल मोबाइलची कव्हरं विकणारा आज स्कूटरचा डीलर होऊ शकतो, आणि उद्या शटर ओढून निघूनही जाऊ शकतो. गाडी अडवल्यावर पावती फाटते ती ताईंची.

म्हणून माझं म्हणणं असं की ही दावण आधी सोडवा. पॅडलची सायकल वेगळी करा आणि तिला पूर्णपणे सायकलच माना. यात नवीन काही नाही. युरोपात पॅडल मारल्यावरच चालणारी, २५० वॅट आणि पंचवीसला मदत थांबवणारी सायकल मोटार वाहनांच्या नियमांतून बाहेर आहे. त्यापेक्षा वेगवान, पंचेचाळीसपर्यंत जाणाऱ्या सायकलींना वेगळा वर्ग आणि नंबरप्लेट आहे. जपाननं तर १९९३ पासून अशा सायकली रस्त्यावर आणल्या, तिथं मदत चोविसाला संपते. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्यात ग्राहक वस्तू म्हणून ई-सायकलची मर्यादा ७५० वॅट आणि ताशी सुमारे बत्तीस किलोमीटर आहे. शक्तीचे आकडे इतके वेगळे, पण वेगाला सगळ्यांनी जवळपास सारखाच लगाम घातला आहे. कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पंचवीसऐवजी पन्नास म्हणजे चौपट. वॅटच्या आकड्यानं हाड मोडत नाही.

यातून दुसरी गोष्ट निघते. वेग आणि बॅटरीसह वजन हे दोन खुंटे पक्के ठोकले, तर शक्तीचा खुंटा थोडा सैल करायला हरकत नाही, विशेषतः मालवाहू सायकलींसाठी. रविवार कारंज्यावरून भाजीचे कॅरेट घेऊन निघणारा, दूधवाला, सिलिंडर पोचवणारा, यांना चढावर ताकद हवी असते, वेग नको असतो. त्यांना चारशे-पाचशे वॅट द्या आणि वेग पंचवीसला करकचून बांधा. आज त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत, घाम गाळा नाहीतर खोटं स्टिकर लावा.

पॅडलच्या ई-सायकलला सरकारनं नुसतं मोकळं सोडून भागणार नाही, कारण आजवर तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. केंद्राच्या फेम-२ योजनेत २०१९ पासून दुचाकीला अनुदान मिळवायचं तर किमान वेग ताशी चाळीस हवा होता. म्हणजे जी गाडी सगळ्यात कमी वीज खाते, सगळ्यात कमी जागा घेते आणि सगळ्यात कमी इजा करते, तिला एक रुपया नाही. आणि दीड लाखाच्या स्कूटरला अनुदान. दिल्ली सरकारनं २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार ई-सायकलींना साडेपाच हजारांपर्यंत मदत जाहीर केली, तेवढाच काय तो अपवाद डोळ्यापुढे येतो. ३६ व्होल्ट, १० अँपियर-तासाची बॅटरी पूर्ण भरायला अर्धं युनिटही वीज लागत नाही आणि तेवढ्यात सातपूरहून पंचवटीला जाऊन येणं सहज होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगारांच्या दुचाक्यांसाठी पत्र्याच्या शेड आहेत. त्याच शेडमध्ये पंधरा अँपियरचे चार प्लग-पॉइंट ठोकायला किती खर्च येईल हे कुठल्याही वायरमनला विचारा.

सायकलीचं कौतुक या शहराला नवं नाही. नाशिक-पंढरपूर सायकल वारी आपल्याकडे निघते. २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची ती सुप्रसिद्ध शर्यत पूर्ण करणारे महाजन डॉक्टर बंधू इथलेच. पण हे सगळं रविवारचं आणि लाइक्रातलं सायकलिंग. सोमवारी कामावर जाणारी सायकल आपल्या शहरात गरिबीची खूण समजली जाते आणि ती मुंबई-आग्रा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर खड्डा आणि रिक्षा यांच्या मधल्या हातभर जागेत चालते. द्वारका चौक सायकलनं ओलांडणाऱ्या माणसाला मी नेहमी मनातल्या मनात नमस्कार करतो.

आता स्कूटरकडे. मूठ पिळून चालणाऱ्या गाडीला नंबर हवा, यात मला शंका नाही. नंबर म्हणजे लगेच पेठ रोडच्या आरटीओत दिवसभर उभं राहणं असं नव्हे. चीनमध्ये ई-बाईकला नंबरप्लेट असते, चालवायला वय सोळा लागतं, पण मोटारीचं लायसन्स लागत नाही. हा मधला वर्ग आपल्याला जमण्यासारखा आहे. पेट्रोलच्या दुचाकीची नोंदणी आज शोरूममधूनच होते. तशीच या गाडीची एकदाच, नाममात्र शुल्कात, विकतानाच करावी. विम्याची सोयही तयार आहे: सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, कमी वेगाच्या गाडीला त्याचा स्वस्त अवतार काढता येईल. हेल्मेट हवंच. नाशिकमध्ये ऑगस्ट २०२१ ला 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा ही गाडी त्यातून आपोआप निसटली, कारण ती पंपावर जातच नाही.

विम्याचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतो. बिननंबरच्या स्कूटरनं गंगापूर रोडवर फिरायला निघालेल्या आजींना उडवलं आणि खुब्याचं हाड मोडलं, तर भरपाई कुणाकडे मागायची? विमा कंपनी नाही. नंबर नसल्यानं गाडी शोधायची कशी हाच पहिला प्रश्न. चालवणारा अल्पवयीन, वडील महिना पंधरा हजारांवर. दावा जिंकला तरी हातात काय येणार? सवलत देताना कायद्यानं गाडीचा खर्च वाचवला, तो आजींच्या खात्यावर टाकला.

यावर येणारा आक्षेप रास्त आहे आणि तो मी घरातूनच ऐकला आहे: "नंबर-विमा आणलात की ही गाडी महागणार. लायसन्स काढायला न जमणाऱ्या बायकांना, म्हाताऱ्यांना हिनंच पहिल्यांदा घराबाहेर काढलं." हे खरं आहे. धुणीभांडी करणाऱ्या, शिवणकाम पोचवणाऱ्या, पाळणाघर चालवणाऱ्या कितीतरी जणींनी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मागे बसणं या गाडीमुळे सोडलं. म्हणूनच लायसन्सची अट मी मागत नाही. पंचवीसच्या आतल्या, खरोखर पंचवीसच्या आतल्या गाडीला लायसन्स नकोच. नंबर आणि विमा मिळून जो खर्च येईल तो सरकारनं पहिली काही वर्षं स्वतः उचलला तरी अनुदानाच्या मानानं तो किरकोळ ठरेल. मात्र मी सोळा वर्षांखाली सूट द्यायला तयार नाही. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात शंभर किलोची गाडी आणि मागे धाकटी बहीण, हे कुणाच्याही सोयीसाठी मान्य करू नये. त्याच्यासाठी पॅडलची ई-सायकल आहे की.

सोळा ते अठरामधल्या मुलांचा प्रश्न खरोखर अडलेला आहे. कायद्यात सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळायची तरतूद आहे, पण तशी गाडी बाजारात उरलेलीच नाही. अकरावी-बारावीची मुलं सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास अशी शहरभर फिरतात. सिटीलिंकची बस जुलै २०२१ पासून आहे, पण प्रत्येक कॉलनीच्या तोंडाशी ती वेळेवर उभी राहत नाही. कमी वेगाची स्कूटर या फटीत आली. तिच्यावर सरसकट बंदी आणली तर ही मुलं चालत जाणार नाहीत, वडिलांची सव्वाशे सीसी काढतील. चीनमधल्या काही मोठ्या शहरांनी एकेकाळी ई-बाईक बंद करून पाहिल्या होत्या. शेवटी देशाला मानक सुधारून त्यांना नंबर द्यावे लागले.

बॅटरीची भीती वेगळी आणि ती खरी. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकमध्येच कंटेनरमध्ये भरलेल्या ई-स्कूटर पेटल्या होत्या. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्यावर केंद्रानं मोठ्या इलेक्ट्रिक दुचाक्यांच्या बॅटरीची चाचणी कडक केली. कमी वेगाच्या गाडीची बॅटरीही रात्री घरातच, बहुधा बैठकीच्या खोलीतल्या प्लगवर चार्ज होते. तिची चाचणीही तेवढीच कडक असली पाहिजे, आणि पॅडलच्या सायकलनं इथं मात्र सवलत मागू नये.

आता दिल्लीनं नियम बदलेपर्यंत आपण काय करायचं? सिंहस्थ तोंडावर आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. २०१५ च्या कुंभात गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबल्या आणि तिथून पुढे लोक पायी गेले. यावेळीही मोटारींना गोदाकाठ बंदच असेल. औषधं, दूध, जेवणाचे डबे, सफाई कामगार, आरोग्यसेविका यांना त्या बंद भागात ये-जा करायला कमी वेगाच्या मालवाहू ई-सायकलीइतकं सोयीचं वाहन दुसरं नाही. महापालिकेनं वाहनतळ ते घाट असे काही रस्ते त्यांच्यासाठी आखून द्यावेत आणि कुंभ संपल्यावर ते रंग खरवडून काढू नयेत. काही वर्षांपूर्वी स्मार्ट सिटीत भाड्याच्या सायकली आणल्या आणि त्या गंजल्या, तेव्हा नाशिककरांना सायकल नको असा निष्कर्ष निघाला. चालवायला रस्ता नव्हता, हे कुणी नोंदवलं नाही.

आणि आरटीओनं चौकातली मोहीम दोन महिने थांबवून दुकानांत जावं. प्रत्येक दुकानातली एक गाडी बाहेर काढावी, रोलरवर वेग मोजावा, बॅटरीसकट काट्यावर ठेवावी. पंचवीसच्या वर गेली तर १८२-ए लावावं आणि आधी विकलेल्या गाड्या त्या दुकानदाराच्या खर्चानं परत बोलावून त्यांना कुलूप घालून द्यावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अध्यादेश लागत नाही. काटा कुठल्याही भंगारवाल्याकडे मिळतो.